लिस्टने इझोल्डेचा आवाजच काढून घेतला, मग उरलं काय?

कोमल_निषाद

पाच वर्षांपूर्वी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पियानो शिकायला लागले. सरांच्या घरी जुना उभा पियानो आहे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी क्लास संपला आणि बाहेर धो धो पाऊस. रिक्षा मिळेना. सर म्हणाले, "बसा, तोवर एक ऐकवतो." त्यानंतरची सात-आठ मिनिटं मी हातातली ओली छत्री खाली ठेवायचंसुद्धा विसरले होते.

ते होतं जर्मन संगीतकार रिशार्ड वाग्नरच्या 'त्रिस्तान उंड इझोल्डे' या ऑपेराच्या शेवटाचं, पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टने केलेलं पियानोवरचं रूपांतर. नाव 'इझोल्डेन्स लीबेस्टोड'. ऑपेरा पहिल्यांदा झाला म्युनिकला, १० जून १८६५ रोजी. लिस्टचं रूपांतर १८६७चं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी: त्रिस्तान आपल्या मामासाठी, म्हणजे कॉर्नवॉलच्या मार्के राजासाठी, आयर्लंडची राजकन्या इझोल्डे हिला नवरी म्हणून जहाजातून घेऊन येत असतो. वाटेत दोघं विष समजून जे पितात ते निघतं प्रेमाचं पेय. तिसऱ्या अंकात जखमी त्रिस्तान तिची वाट बघत असतो, ती पोचते आणि तो तिच्या हातात प्राण सोडतो. मग त्याच्या देहापाशी ती जे गाते, ते हे.

सर वाजवत होते तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. करंगळी आणि अंगठा यांच्यात ट्रेमोलो, म्हणजे दोन स्वरांची झपाट्याची अदलाबदल, चालू होता, पण हात हलतोय असं वाटत नव्हतं. तळ्यावरून वारा गेला की पाण्यावर शहारा येतो ना, तसं काहीतरी पट्ट्यांवर चाललं होतं. आणि त्यावर उजव्या हातात ती धून, एकेक पायरी चढत.

मग मी अख्खा ऑपेरा व्हिडिओवर पाहिला, तीन रात्रींत मिळून. शेवट कधी येतो याची वाट पाहत होते. तो आला, आणि गायिकेने गायला सुरुवात केल्यावर मी चक्क दचकले. मनात आलं, ही बाई मध्ये का बोलतेय? दुसऱ्याच क्षणी वाईट वाटलं, कारण गाणं तिचंच आहे!

तर माझा प्रश्न. ऑपेरा म्हणजे माणसाचा गळा. तोच काढून घेतला तर जे उरतं त्याला काय म्हणायचं? स्वतंत्र रचना, की मुळाची सावली? आणि मला सावलीच जास्त आवडली तर माझं ऐकणं कुठे चुकतंय का?

नवशिका_कान

वाचतोय. यातलं काहीच ऐकलेलं नाही, पण छत्रीवालं वाक्य वाचून ऐकावंसं वाटलं. लीबेस्टोड म्हणजे काय हो ताई?

कोमल_निषाद

लीबे म्हणजे प्रेम, टोड म्हणजे मृत्यू. प्रेममृत्यू म्हणा.

राईनकाठी

कोमलताई, फार मनापासून लिहिलंय. मी गेली अकरा वर्षं जर्मनीत कलोनला राहते, इथे एका हौशी गायनवृंदात गाते. हा ऑपेरा नाट्यगृहात दोनदा पाहिला आहे. तुमच्या अपराधी वाटण्यावर उतारा आहे माझ्याकडे.

पहिली गोष्ट नावाची. वाग्नर या शेवटाला लीबेस्टोड म्हणतच नसे. तो लीबेस्टोड म्हणायचा सुरुवातीच्या प्रिल्यूडला, म्हणजे पडदा उघडण्याआधीच्या वाद्यसंगीताला. शेवटाला त्याचा शब्द होता 'फेरक्लेरुंग', म्हणजे उजळून जाणं, दिव्यरूप होणं. शेवटाला लीबेस्टोड हे नाव चिकटलं ते लिस्टच्या या पियानोच्या कागदांमुळे. आज जगभरच्या कार्यक्रमपत्रिकांवर तेच छापतात. रूपांतराने मुळाचं नाव बदललं, असं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १८६३ साली, म्हणजे ऑपेरा रंगमंचावर यायच्या दोन वर्षं आधी, वाग्नरने स्वतः सेंट पीटर्सबर्गला प्रिल्यूड आणि शेवट जोडून मैफलीत वाजवला होता. गायिका नाही, फक्त वाद्यवृंद. म्हणजे गळा काढून घेण्याचं काम लिस्टच्या आधी खुद्द कर्त्यानेच केलं होतं.

नाट्यगृहात बसलात तर कळेल की तिथे इझोल्डेचा आवाज वाद्यवृंदावर स्वार नसतो. धून बहुतेक वेळ वाद्यांकडे असते. ती तिच्यात शिरते, बाहेर येते, पुन्हा बुडते. व्हिडिओत मायक्रोफोन तिच्या आवाजाला पुढे ओढून आणतो, म्हणून तुम्हाला ती "मध्ये बोलतेय" असं वाटलं असेल.

जुन्या_तबकड्या

राईनकाठी, माहिती उत्तम. निष्कर्षाशी मात्र असहमत.

माझे वडील गिरगावात राहायचे, पगारातून पैसे बाजूला काढून तबकड्या घ्यायचे. गायिका कर्स्टन फ्लागस्टाडचा लीबेस्टोड मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकला आहे. पुढे संचालक फुर्टव्हेंग्लरने १९५२ साली तिलाच घेऊन केलेलं संपूर्ण 'त्रिस्तान' ऐकलं. तो आवाज ऐकल्यावर कोणी म्हणेल की गळ्याविना चालतं? शेवटचे शब्द बघा: बुडून जाणं, विरून जाणं, भान हरपणं, परमसुख. हे शब्द कोणाच्या तरी श्वासातून यायला हवेत. श्वास संपतो म्हणून तर त्यांना अर्थ आहे. पियानोला श्वास लागत नाही.

आणि खरी हरकत पुढेच आहे. ऑपेराच्या अगदी सुरुवातीला तो प्रसिद्ध स्वरसमूह येतो, एफ, बी, डी शार्प, जी शार्प. तो सुटत नाही, लोंबकळत राहतो. दुसऱ्या अंकात दोघांचं रात्रीचं गाणं चढत चढत अगदी टोकाला येतं आणि नेमक्या त्या क्षणी मार्के राजा येऊन थडकतो. सूर फाटतो. शेवटी इझोल्डे जे गाते ते हेच अर्धवट तुटलेलं गाणं. ते बी मेजरमध्ये विसावतं तेव्हा सुमारे चार तासांची घुसमट सुटते. लिस्टने नुसता शेवट उचलला. तहान लागू न देताच पाणी पाजलं.

कोमलताई, तुम्ही कोणता व्हिडिओ पाहिलात?

कोमल_निषाद

काका, म्युनिकचा, १९९८चा. आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं संचालन, वॉल्ट्राउट मायर इझोल्डे.

"तहान लागू न देता पाणी" यावर विचार करतेय. मला तहान लागली होती असं आठवतंय, पण ती कुठून आली ते सांगता येत नाही.

जुन्या_तबकड्या

मग तुम्ही उत्तमच पाहिलंत. ज्या नाट्यगृहात हा ऑपेरा जन्मला, तिथलंच ते. इमारत युद्धात पडली आणि पुन्हा उभारली, जागा तीच.

मांडवीतीर

पणजीहून नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या पियानो आहे, मी मुलांना परीक्षांसाठी शिकवतो आणि हा तुकडा स्वतः वाजवतो. तबकड्याकाकांच्या तहानेचं उत्तर माझ्या बोटांत आहे, लिहून बघतो.

लिस्टचे पहिले चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, शेवटाच्या प्रसंगातले नाहीतच! ते त्याने दुसऱ्या अंकातल्या प्रेमगीतातून आणलेत. तिथे ते दोघं 'लीबेस्टोड' हा शब्द प्रत्यक्ष गातात, तीच सुरावट. म्हणजे त्याने काय केलं, तर इझोल्डेचं गाणं सुरू व्हायच्या आधी त्या तुटलेल्या रात्रीचा एक तुकडा दारात ठेवला. चार बार. ते जोरात सुरू होतात, मग आवाज उतरत जातो आणि त्या शांततेतून पाचव्या बारला 'मिल्ड उंड लायझे', म्हणजे इझोल्डेच्या गाण्याची पहिली ओळ, चालू होतं. काका, तहान त्या चार बारमध्ये आहे. कोमलताईंना ती तिथेच लागली.

आता वाजवण्याबद्दल. पियानोचा स्वर पट्टी दाबली त्या क्षणी सर्वात मोठा असतो, पुढे तो मरतच जातो. व्हायोलिनवाला एक स्वर धरून तो फुगवू शकतो, गवई फुगवू शकतो. आम्ही नाही. आणि वाग्नरचं हे संगीत तर सगळं फुगण्यावर उभं आहे. लिस्टचा उपाय म्हणजे ट्रेमोलो. शिकाऊ मुलं तो मोजून वाजवतात, एक-दोन-एक-दोन, आणि मग शिवणयंत्र चालू झाल्यासारखं वाटतं. तो मोजायचाच नाही. मनगट सैल, बोटं पट्टीवरून पूर्ण उचलायची नाहीत. पट्टी अर्ध्यातून परत खाली. मग हातोड्याचा आघात ऐकू येत नाही, नुसती कंपनं उरतात.

आमच्याकडे पावसात अजून एक संकट. दमटपणाने आतलं लाकूड आणि फेल्ट फुगतं, पट्टी खाली जाते ती वर येत नाही. एकदा एका सभागृहात हाच तुकडा वाजवताना ऐन चढावर मधली एक पट्टी बसली. लिस्टने धून तिथे दोन्ही हातांत, वरच्या-खालच्या सप्तकांत पेरून ठेवली आहे म्हणून निभावलं.

ठाय_लय

व्वा मांडवीतीर! दंडवत घ्या.

मी हार्मोनियमवाला. आमच्याकडे उलटं आहे, भाता चालू तोवर स्वर उभा. तरी प्रश्न तोच येतो. नाट्यपद पेटीवर वाजवायचं तर शब्द कुठून आणायचे? गोविंदराव टेंबे पेटीवर एकल वाजवायचे त्याचं जुने लोक वर्णन करतात, त्यात हेच येतं की पद न गाता ऐकू यायचं. ऐकणाऱ्याला पद पाठ असतं. पेटी सूर देते, शब्द त्याच्या मनात उमटतात. लिस्टचे श्रोतेही तसेच असणार. ऑपेरा ऐकून आलेले, घरी बसून आठवणारे.

राईनकाठी

ठाय_लय, दाखला सुंदर, पण इथे लागू होत नाही, आणि हीच या तुकड्याची गंमत आहे.

१८६५ साली म्युनिकला 'त्रिस्तान'चे प्रयोग झाले फक्त चार. त्रिस्तान झालेला लुडविग श्नोर फॉन कारोल्सफेल्ड त्याच २१ जुलैला वारला, वय जेमतेम एकोणतीस. इझोल्डे झालेली माल्विना ही त्याची खरी बायको. त्याआधी व्हिएन्नाने सत्तरहून जास्त तालमी करून हा ऑपेरा अशक्य म्हणून सोडून दिला होता. म्युनिकबाहेर तो पहिल्यांदा उभा राहिला वायमारला, १८७४ साली.

म्हणजे १८६८ मध्ये लिस्टचं रूपांतर छापून आलं तेव्हा ते विकत घेणाऱ्या बहुतेकांनी ऑपेरा पाहिलेलाच नव्हता. तबकड्या नव्हत्या, रेडिओ नव्हता. ज्या गावात नाट्यगृह नाही तिथल्या घरात इझोल्डे पोचली ती पियानोवरूनच, कुणाच्या तरी लेकीच्या नाही तर बहिणीच्या हातून. कोमलताई, तुम्हाला ती ज्या क्रमाने भेटली, त्याच क्रमाने ती त्या काळी शेकडो लोकांना भेटली असणार.

ठाय_लय

मान्य. मी नाट्यगीताचा चष्मा लावून बघत होतो.

नवशिका_कान

हा धागा म्हणजे मेजवानी चाललीये. वाचनखूण साठवली.

डोंबिवलीकर_नाना

मंडळी, संगीताचं तुम्ही बघा, मला या माणसांच्या नात्यागोत्यांनी गुंतवलं आहे. जावई आणि सासरे यांचं कोष्टक मांडल्याशिवाय मला झोप यायची नाही.

लिस्टची मुलगी कोझिमा. तिचं लग्न १८५७ साली झालं हान्स फॉन ब्यूलोशी. ब्यूलो लिस्टचा शिष्य, म्हणजे शिष्यच जावई झाला. हाच ब्यूलो १८६५ला 'त्रिस्तान'चं संचालन करायला उभा. आणि वाद्यवृंदाची पहिली तालीम ज्या दिवशी होती, १० एप्रिल १८६५, त्याच दिवशी कोझिमाला मुलगी झाली, बाप वाग्नर, नाव ठेवलं इझोल्डे! पुढे १८७० साली कोझिमाने वाग्नरशी लग्न केलं. म्हणजे वाग्नरही लिस्टचा जावई झाला, सासऱ्याहून जेमतेम दीड वर्षाने लहान. लिस्ट ऑक्टोबर १८११चा, वाग्नर मे १८१३चा.

आमच्या चाळीत असं झालं असतं तर तीन पिढ्या गणपतीत एकत्र आरतीला उभ्या राहिल्या नसत्या.

पैठणीची_घडी

नाना, कोष्टक चोख. पण कोझिमाला नुसती कुणाची मुलगी आणि कुणाची बायको म्हणून मांडू नका. वाग्नर गेल्यावर बायरॉइट या जर्मन गावातला वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव तिने वर्षानुवर्षं चालवला. 'त्रिस्तान' तिथे पहिल्यांदा झालं १८८६ साली, ते तिच्याच कारभारात.

डोंबिवलीकर_नाना

बरोबर आहे वहिनी, कोष्टकात कर्तृत्वाचा रकाना राहिला.

अधलंमधलं

घरगुती भानगडी आणि संगीत यांचा काय संबंध? धागा भरकटतोय.

राईनकाठी

मला संबंध वाटतो. तारखा बघा.

लिस्टने वाग्नरसाठी काय केलं नव्हतं? १८४९च्या ड्रेस्डेनच्या उठावानंतर वाग्नर परागंदा झाला. त्याचं 'लोएनग्रिन' लिस्टने वायमारला २८ ऑगस्ट १८५० रोजी पहिल्यांदा उभं केलं, आणि स्वतः वाग्नर ते ऐकायला येऊ शकत नव्हता. त्याच्याच 'टानहॉइजर'चं ओव्हरचर (सुरुवातीचं वाद्यसंगीत), त्यातलं संध्यातारकेचं गाणं, यात्रेकरूंचं समूहगान, सगळं लिस्टने पियानोवर आणलं, जेणेकरून या माणसाचं संगीत लोकांपर्यंत पोचावं.

आणि मग १८६७. कोझिमा आणि वाग्नर यांची दुसरी मुलगी एफा त्याच फेब्रुवारीत झाली. ऑक्टोबरमध्ये लिस्ट ल्युसर्नजवळ ट्रिबशेनला वाग्नरकडे जाऊन आला. त्यानंतर दोघांत जवळपास पाच वर्षं अबोला. १८७२ साली वाग्नरने बायरॉइटच्या नाट्यगृहाच्या पायाभरणीचं बोलावणं पाठवलं तेव्हा तो सुटायला लागला.

हे रूपांतर नेमकं त्या वर्षातलं आहे. बाप म्हणून ज्याच्यावर राग धरायला जागा होती, त्याचंच सर्वात उत्कट पान लिस्टने एका एका स्वराची काळजी घेत स्वतःच्या वाद्यावर उतरवलं. त्यात स्वतःची एकही मिरवणारी तान घातली नाही. लिस्टने, ज्याच्या तानांसाठी युरोप वेडा होता! मला हे वाचून गलबलून येतं.

अधलंमधलं

हे मला माहीत नव्हतं. माघार.

जुन्या_तबकड्या

"मिरवणारी तान घातली नाही" हे महत्त्वाचं. नवशिक्यांसाठी फरक सांगतो, कारण लिस्टच्या नावावर ऑपेरावरून केलेल्या खूप रचना आहेत आणि सगळ्या एका जातीच्या नाहीत.

एक जात 'रेमिनिसन्स'ची, म्हणजे आठवणी. १८४१चं 'डॉन हुआन' घ्या. मोझार्टच्या 'डॉन जोवानी'तल्या तीन गोष्टी घेतल्या: पुतळ्याचं भयंकर बोलणं, 'ला ची दारेम ला मानो' हे लाघवी द्वंद्वगीत आणि शँपेनचं गाणं. पुतळा पहिल्यांदा, मग मोह, मग जल्लोष. क्रम मोझार्टचा नाही, लिस्टचा. ते जवळजवळ नवं नाटक आहे. त्याच सालातलं बेल्लिनीच्या 'नोर्मा'वरचंही तसंच.

दुसरी जात पॅराफ्रेजची, म्हणजे मूळ धून धरून तिच्यावर चढवलेली सजावट. व्हेर्दीच्या 'रिगोलेत्तो'तल्या तिसऱ्या अंकातलं चौघांचं गाणं, १८५९ साली केलेलं. चौघं चार वेगळ्या मनःस्थितींत एकाच वेळी गातात, ड्यूक लाडीगोडी लावतोय, माद्दालेना हसतेय, बाहेर जिल्दा रडतेय, बाप सूडाचं बोलतोय. दोन हातांत चौघं! त्यावर लिस्टने कारंजी उडवलीत.

'इझोल्डे' मात्र ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे मुळाबरहुकूम उतरवलेलं. चार बार सोडले तर वाग्नरच्या पुढे-मागे काही नाही.

मांडवीतीर

काका, 'रिगोलेत्तो'ची कारंजी नुसती शोभेची नाहीत हो. मोठ्या ताना लिस्टने जास्त करून बायकांच्या सुरावटीवर घातल्यात. माद्दालेनाचं खळखळून हसणं आणि जिल्दाचा हुंदका एकाच जलद हालचालीतून काढायचा असतो. ते जमेपर्यंत मला दोन वर्षं लागली.

नवशिका_कान

एकाच गाण्यावर असं बऱ्याच जणांनी करायची पद्धत होती का?

जुन्या_तबकड्या

भरपूर. पॅरिसमध्ये १८३७ साली लिस्ट आणि सिगिस्मोंड थालबर्ग यांचा सामना झाला, राजकन्या बेल्जोयोझोच्या दिवाणखान्यात, इटालियन निर्वासितांच्या मदतीसाठी. थालबर्गने रोसिनीच्या 'मोझेस' या ऑपेरावरची आपली फँटसी, म्हणजे मोकळी रचना, वाजवली. त्याची युक्ती अशी की धून मधोमध दोन्ही अंगठ्यांत आणि भोवती वर-खाली तानांचा फेर. ऐकणाऱ्याला तीन हात वाटत. त्याच राजकन्येने बेल्लिनीच्या 'पुरितानी'तल्या एका मार्चवर सहा जणांकडून एकेक व्हेरिएशन, म्हणजे त्याच धुनेचं बदललेलं रूप, मागवलं: लिस्ट, थालबर्ग, पिक्सिस, हेर्झ, चेर्नी आणि शोपाँ. त्याला म्हणतात 'हेक्सामेरॉन'. शोपाँचं सगळ्यात शांत आहे, बाकीचे दंगा करून थकल्यावर खिडकी उघडावी तसं.

ठाय_लय

तबकड्याकाका, लीबेस्टोड पियानोवर कुणाचा ऐकावा? आणि तुमचं मत थोडं मऊ झालंय असं वाटतं.

जुन्या_तबकड्या

होरोविट्झ. त्यांनी शेवटचं ध्वनिमुद्रण १ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्ण केलं आणि चार दिवसांनी ते गेले. त्या तबकडीवरचा शेवटचा तुकडा हाच. शहाऐंशी वर्षांचा हात. चढावर पियानो अक्षरशः गर्जतो आणि मग ते जे उतरतात ते ऐकताना मी खुर्ची धरून बसतो.

मत मऊ झालंय का? मांडवीतीरांचे चार बार मी काल रात्री पुन्हा ऐकले. इतकी वर्षं ते मी नुसती प्रस्तावना समजून सोडून देत होतो. तहानेबद्दलचं वाक्य मागे घेतो. श्वासाबद्दलचं मागे घेत नाही.

पैठणीची_घडी

लिस्ट गेला तोही बायरॉइटलाच ना?

राईनकाठी

हो. जुलै १८८६. आजारी होता, तरी २५ तारखेला 'त्रिस्तान'च्या प्रयोगाला जाऊन बसला. ३१ तारखेच्या रात्री न्यूमोनियाने गेला, महोत्सव चालूच होता. श्रद्धांजलीच्या प्रार्थनेला ऑर्गनवर संगीतकार ब्रुकनर बसला होता आणि त्याने वाजवलं ते 'पार्सिफाल'मधल्या धुनांवरचं, म्हणजे वाग्नरचंच. मी ती कबर बघायला गेले होते. गावाच्या दफनभूमीत छोटी चॅपलसारखी वास्तू आहे. वाग्नर तिथून दूर, आपल्या घरामागच्या बागेत.

आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचं संगीत आपल्या हातांनी वाहून नेलं, त्याच्या निरोपाला त्याची स्वतःची एक ओळही नसावी, हे मला आजही सोसत नाही.

नवशिका_कान

मंडळी, ऐकलं. रीतसर सांगतो.

काल रात्री गच्चीवर हेडफोन लावून आधी पियानो ऐकला, मग लगेच फ्लागस्टाड. मला नोटेशन कळत नाही, तुमचा स्वरसमूह कुठे होता ते ओळखता आलं नाही. पण एक जाणवलं. पियानोवर प्रत्येक सूर वाजला की लगेच विझायला लागतो, तो विझू नये म्हणून पुढचा सूर धावत येतो, तोही विझतो. सात मिनिटं कुणीतरी दोन्ही तळव्यांच्या आडोशात दिवा धरून चाललंय असं वाटलं. बाई गाते तेव्हा तसं नाही वाटत, ती समुद्र आहे. बुडायचंच आहे तिला.

आजी शेवटच्या दिवसांत होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास मोजायचो. एक गेला की पुढचा येईपर्यंत थांबायचं. पियानो ऐकताना ते आठवलं. काका, तुम्ही म्हणालात पियानोला श्वास लागत नाही. मला तर तोच ऐकू आला.

जुन्या_तबकड्या

बाळा, यावर मी काही लिहिणार नाही. तू म्हणतोस ते बरोबर आहे.

मांडवीतीर

देव बरें करूं, नवशिका. हे मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार.

एक भर घालतो. ऑपेराची गायनप्रत पियानोसाठी ब्यूलोने केली होती, १८६०ला आली. ती वाजवली आणि मग लिस्टचं वाजवलं की फरक लख्ख कळतो. ब्यूलोने वाद्यवृंदातलं जितकं मावेल तितकं कोंबलं आहे, कारण आवाजाची ओळ वेगळी वर छापलेली आहे, ती गायिका गाणार. तालमीसाठी ते बरोबरच आहे. लिस्टला मात्र दहा बोटांत सगळं मावायला हवं, म्हणून तो सोडत जातो. कुठे वाद्यांची धून ठेवतो, कुठे आवाजाची, आणि जोड दिसत नाही. माझ्या घरी दोन्ही प्रती शेजारी शेजारी आहेत. लिस्टने काय गाळलं त्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्यात, पान करडं झालंय.

कोमल_निषाद

तीन आठवडे इथे फिरकले नाही, कारण सरांना विचारलं, "मी हे शिकू का?" ते हसले नाहीत. म्हणाले, आधी चार बार.

धागा त्यांना वाचून दाखवला. मांडवीतीर, तुमचं "पट्टी अर्ध्यातून परत" हे ऐकल्यावर त्यांनी माझं मनगट खालून धरलं आणि मला तसाच ट्रेमोलो करायला लावला, दहा मिनिटं, एकाच जागी. दंड भरून आला. शेवटी एकदा, फार तर दोन सेकंद, हातोड्याचा आवाज गेला आणि नुसती कंपनं उरली.

मग सरांनी माझ्याकडून शब्द लिहून घेतले. पाचव्या बारपासून धुनेखाली इझोल्डेचे शब्द देवनागरीत, मिल्ड उंड लायझे, जिथे जिथे तिची ओळ हातात येते तिथे तिथे. म्हणाले, मनात गात वाजवायचं, श्वास तिच्या ठिकाणी घ्यायचा. आणि वाजवताना मला पहिल्यांदा कळलं की लिस्टने तिला काढून टाकलेलंच नाही. ती माझ्या चौथ्या-पाचव्या बोटात आहे, सगळ्यात दुबळ्या बोटांत, आणि बाकीच्या आठ बोटांनी तिला बुडू द्यायचं नाही.

काल व्हिडिओतला शेवट पुन्हा लावला. मायर गायला लागली आणि मी दचकले नाही. तिच्याबरोबर श्वास घेत होते.

नवशिका, तुमच्या आजीबद्दलचं वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले.

राईनकाठी

ताई, चार बार तरी रेकॉर्ड करून टाका की इथे!

कोमल_निषाद

टाकते. जरा थांबा, पाऊस लागलाय आणि सरांच्या पियानोचा मधला डी शार्प खाली जातो तो वरच येत नाही. मांडवीतीर, तुम्ही पावसात काय करता?

मांडवीतीर

खालची फळी काढा, आत तळाशी पंचवीस वॅटचा साधा पिवळा दिवा लावा, लाकडापासून वीतभर लांब. रात्रभर जळू दे. दोन दिवसांत पट्टी सुटेल.